हात वर केला की थांबायचं

किडलेली दाढ दिवसा कुरकुरते आणि रात्री आडवं झालं की ठणकायला लागते. झोपल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. दाताच्या आतला मऊ गाभा चारही बाजूंनी टणक भिंतींत कोंडलेला, त्यामुळे सुजेला पसरायला जागाच नसते. ताईने अशा रात्री लवंग दाबून काढल्या, पण दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायची. रूट कॅनालमध्ये 'नस काढतात' एवढंच तिने ऐकलेलं होतं. शेवटी मी सोबत गेले आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून सगळं पाहिलं.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "ताई, जेवून आलात ना? बीपीची गोळी घेतलीत?" रिकामं पोट आणि भीती एकत्र आली की चक्कर येते, हे त्या रोज पाहतात. मग एक्स-रे दाखवला. खालची पहिली दाढ, मुळं दोन, आणि त्यांत बहुधा तीन कॅनाल. पुढे म्हणाल्या, "डावा हात वर केलात की मी थांबणार. कारण नंतर सांगा." नुसतं सांगून सोडलं नाही. ड्रिल तोंडाबाहेर, हवेतच सुरू केलं आणि ताईला हात वर करायला लावला. आवाज तत्क्षणी बंद. ताईच्या मुठी तिथे पहिल्यांदा सैल झाल्या. धीर देणारे शब्द घरात सगळेच बोलले होते, पण थांबवण्याचा अधिकार तिला कुणीच दिला नव्हता.

हिरडीला जेल लावून मग इंजेक्शन. सुई टोचण्याआधीच डॉक्टर म्हणाल्या, "आता थोडा वेळ छाती धडधडेल. औषधात ॲड्रेनॅलिन असतं, त्याने होतं. ओसरेल." ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून बधिरपणा जास्त वेळ टिकतो. पण घाबरल्यावर शरीर स्वतः सोडतं तेही हेच, त्यामुळे भित्र्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही आणि आपला जीवच जातोय असं वाटतं. हे एक वाक्य प्रत्येक पेशंटला सुईच्या आधी ऐकायला मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. बधिर करणारं लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं. आपल्याकडे आजही सर्रास तेच वापरतात.

खालचा जबडा बधिर व्हायला वेळ लागतो. ओठ जड झाला, तरी डॉक्टरांनी घाई केली नाही. गार फवारा मारलेला कापूस दाढेला लावून पाहिला, मगच ड्रिल घेतलं. तरीही गाभ्यापाशी पोचताच ताईचा हात वर गेला. डॉक्टर थांबल्या. फार सुजलेली दाढ ओठ बधिर होऊनही कधीकधी दाद देत नाही. अशा वेळी दाताच्या कडेला आणखी औषध देतात. ते दिलं, वाट पाहिली, आणि पुढे हात खालीच राहिला.

उरलेलं काम कंटाळवाणं म्हणावं इतकं शांत होतं. दाढेभोवती रबराचा पडदा लावला. तोंड झाकल्यासारखं वाटतं, पण नाकाने श्वास घेता येतो, थुंकी गिळता येते, आणि कॅनाल साफ करायची बारीक फाइल निसटली तरी घशात जात नाही. पांढऱ्या, पिवळ्या, लाल मुठींच्या त्या फाइली एकामागून एक आत जात होत्या. मुळाच्या टोकाजवळ फाइल पोचली की यंत्र टीं टीं करायचं. मध्येच पोहण्याच्या तलावासारखा वास आला, तो कॅनाल धुण्याच्या द्रावणाचा. प्रत्येक आवाजाआधी डॉक्टर त्याचं कारण सांगत होत्या, आणि ताई नुसती हुंकार देत होती.

तात्पुरतं सिमेंट भरून आम्ही निघालो. बधिरपणा जाईपर्यंत काही चावायचं नाही, गरम चहाही नको, कारण ओठ चावला किंवा भाजला तरी कळत नाही. दोन-चार दिवस दाबल्यावर दुखेल, तेही सांगितलं होतं. सूज आली किंवा ठणका वाढत गेला, तर मात्र लगेच फोन करायचा. पुढच्या खेपेला कॅनाल भरायचे, त्यानंतर कॅप. "तेव्हाही सुई लागेल?" ताईने दारातून विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "लागली तर देऊ. हात वर करायचं मात्र तसंच ठेवायचं."