गटानं कामासाठी वेगळी जागा घ्यावी का?



मिरचीचा हंगाम आला की गटाच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो. एक जण म्हणते, "ताई, घरोघरी काम करून जमेना. एखादी खोली घेऊ, सगळ्याजणी एका ठिकाणी बसू." दुसरी लगेच विचारते, "अन् भाडं कोण भरणार?" मग विषय पुढच्या बैठकीवर जातो. आज त्याच्यावरच बोलू.

पुण्याला, हैदराबादला कॉम्प्युटरवर काम करणारे बरेच छोटे उद्योग स्वतःचं ऑफिस घेत नाहीत. एका मोठ्या हॉलमधल्या खुर्च्या-टेबलं भाड्यानं घेतात. वीज, इंटरनेट, पाणी, शौचालय सगळ्यांचं सामाईक. त्याला को-वर्किंग म्हणतात. आपल्याकडं तेच म्हणजे दोन-तीन गटांनी मिळून घेतलेला गाळा. प्रश्न दोन्हीकडं सारखाच आहे: ही जागा धंद्याला परवडते का, आणि त्यात राबणाऱ्या बायकांना झेपते का?

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी इमारतीच्या गच्चीवर हे काम सुरू केलं. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम थांबलं नाही. पुढं बायका वाढल्या, तेव्हा सगळ्यांना पुरेल एवढी जागा कुठून आणायची? त्यांनी कामच वाटून टाकलं. पीठ केंद्रावर मळायचं, लाटायचं घरी, आणि तयार पापड केंद्रावर आणून वजन करून द्यायचे. आज ४५ हजारांच्या आसपास बायका त्या संस्थेत आहेत, आणि लाटणं अजूनही घरीच चालतं.

यातून आपण काय घ्यायचं? आधी जागा शोधत फिरायचं नाही. आधी कामाचे तुकडे पाडायचे.

आपलं धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं, म्हणून तिखटाचंच उदाहरण घेऊ. मिरची वाळवणं, देठं खुडणं, दळणं, चाळणं, वजन करून पाकीट सील करणं, लेबल लावणं. यातलं दळण, चाळण आणि पॅकिंग एकाच जागी हवं. मशीन एक, काटा एक, म्हणजे प्रत्येक पाकिटात माल सारखा. शिवाय घरात लेकरांच्या डोळ्यात तिखट जात नाही. लेबल लावणं, गठ्ठे बांधणं मात्र घरी बसूनही होतं. त्यासाठी भाड्याची जागा कशाला अडवायची?

आता हिशेब. समजा भाडं २,५०० आणि वीज ५००, म्हणजे महिन्याला ३,००० रुपये. महिन्यात ३०० किलो तिखट निघालं तर किलोमागं १० रुपये खर्च बसला. १०० किलोच निघालं तर ३० रुपये. पावसाळ्यात मशीन बंद राहिली तरी भाडं चालूच. म्हणून हिशेब चांगल्या महिन्याचा करू नका, पडत्या महिन्याचा करा. दुसऱ्या बाजूला लिहा: आज बाहेर दळायला किती जातात, रिक्षाला किती, ओला होऊन माल किती वाया जातो. दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मा वाद मिटतो.

सोबत कोण येणार, हेही बघा. मिरची आणि शिलाई एका खोलीत नांदत नाहीत. खाकरा तर येतोच, कपड्यालाही वास धरतो. पापडवाल्या गटाचंही तेच. मध्ये पक्की भिंत आणि वेगळा दरवाजा असेल तरच हो म्हणा. शिवाय खाण्याच्या मालाची अन्नसुरक्षा नोंदणी जिथं माल बनतो त्या पत्त्यावर असते. जागा बदलली की नोंदणीचंही बघावं लागतं.

आणि शेवटची गोष्ट, जी मी चुकून शिकले. आमच्या एका गटानं खोली घेतली. पहिल्या महिन्यात दहाही जणी आल्या, तिसऱ्या महिन्यात सहाच. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. घरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं. एकीचं लेकरू अंगावर पितं. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली. दोघी दिवसभर हळद काढायला जायच्या, आणि खोली पाचलाच बंद व्हायची. ज्यांना पैशाची जास्त गरज, त्यांचंच काम गेलं होतं. जागा ठरवताना भाडं विचारलं, मोजमाप घेतलं. या चौघींना मात्र मी काहीच विचारलं नव्हतं. मग दोघींना लेबलाचं काम घरपोच दिलं आणि हळदीवाल्या दोघींकडं संध्याकाळची किल्ली दिली. चौघीही परत आल्या.

उलटंही होतं, बरं का. घरी बसून काम केलं की मध्येच चहा, पाहुणे, जनावरं. लाटायला हात कमी पडला की पोरीची शाळा बुडते. काही जणी सांगतात, "खोलीवर गेले की चार तास माझे असतात." त्यांच्यासाठी ती जागा भाड्यापेक्षा मोलाची आहे.

म्हणून बैठकीत हात वर करून ठरवू नका. प्रत्येकीला वेगळं विचारा: किती वाजता येशील, लेकरू कुठं ठेवशील, अंधारात परतायची वाट कशी आहे, तिथं शौचालय आहे का? उत्तरं वहीत लिहा. मग एकदम वर्षाचा करार न करता दोन महिने जागा घेऊन बघा, आणि तसा ठराव रजिस्टरमध्ये नोंदवा. दोन महिन्यांनी दोनच आकडे तपासा: किलोमागं खर्च किती आला, आणि पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी किती जणी अजून येतात.

दुसरा आकडा घसरला असेल, तर पहिला कितीही चांगला असला तरी जागा आपल्याला लागू पडली नाही, असं समजा. गट बायकांचा आहे, खोलीचा नाही.