‘स्वप्न पडणे’ : व्याकरण आणि निद्राविज्ञान

संस्कृतात ‘स्वप्न’ म्हणजे निद्राही आणि निद्रेतील दर्शनही. मराठीने दुसरा अर्थच राखला. मात्र ‘मला स्वप्न पडले’ या वाक्यात स्वप्न हे कर्ता असून निद्रित मनुष्य चतुर्थीत, केवळ अनुभविता म्हणून, येतो. १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी शीघ्र नेत्रचलन चालू असता निद्रितांस २७ वेळा जागे केले. २० वेळा सविस्तर स्वप्ने सांगण्यात आली. नेत्र स्थिर असता २३ पैकी १९ वेळा काहीच आठवले नाही. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडातील हल येथे, कीथ हर्न यांच्या प्रयोगात, एका निद्रिताने स्वप्नातूनच पूर्वी ठरविलेल्या नेत्रचलनाने खूण केली. स्वप्न पडते, हे खरे. परंतु त्यात वावरणारा नेहमीच अकर्ता असतो, असे आता म्हणता येत नाही.