काडतुसाचे हवामान

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जिल्ह्याची हद्द मागे पडल्यावर बोदवडच्या पुढे वरणगाव लागते. तेथील आयुध निर्माणी १९६४ पासून लष्करी रायफलींची काडतुसे तयार करीत आली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या पट्ट्यात तयार झालेले काडतूस हिमशिखरांवरील कडाक्याच्या थंडीतही तितक्याच भरवशाने उडावे लागते, आणि रायफलींच्या गुणदोषांची चर्चा रंगते तेव्हा नेमकी हीच बाब बहुधा दुर्लक्षित राहते.

पितळी कोश, त्याच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी, अशी काडतुसाची रचना असते. दारू तापलेली असेल तर ती झपाट्याने जळून नळीतील दाब वाढवते. गारठ्यात ती मंद जळते आणि गोळीचा वेग घटतो. जळलेल्या दारूचा काही वायू वळवून त्याच्या रेट्याने रिकामा कोश बाहेर फेकणे व पुढचे काडतूस भरणे हे काम वायुचलित रायफल आपोआप करीत असल्यामुळे, हा रेटा कमी पडला आणि त्यात वंगणही घट्ट झाले, तर रायफल अडकते. भारतीय लष्कराची जुनी एसएलआर आणि तिच्यामागून आलेली इन्सास या दोन्ही रायफलींना वायूचे प्रमाण कमीजास्त करणारा नियंत्रक दिलेला असतो, तो याचसाठी.

पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने घडवलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासची खरी कसोटी १९९९ मध्ये कारगिलला लागली. थंडीत प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी तेथून आल्या व बदनामी सगळ्या रायफलीची झाली. वास्तविक मॅगझिन हा रायफलीचा सर्वांत स्वस्त भाग, पण त्याच्या कडा किंचित फाकल्या तरी काडतूस नळीच्या तोंडाशी वाकडे येते. शिवाय पाच हजार मीटरच्या आसपास हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के उरत असल्याने गोळीला विरोध कमी होतो, आणि चढावर नेम धरताना सवयीचे अंतर लावले तर ती लक्ष्याच्या वरून जाते. हा दोष शस्त्राचा नव्हे, सरावाचा.

लहान गोळी स्वीकारण्यामागे साधा हिशेब होता: एसएलआरचे ७.६२ × ५१ चे काडतूस सुमारे २४ ग्रॅम, तर इन्सासचे ५.५६ चे सुमारे १२ ग्रॅम भरते, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवळपास दुप्पट काडतुसे नेता येतात. मात्र लांबवर वेग ओसरल्यावर हलक्या गोळीचा मारा क्षीण होतो, आणि त्यामुळेच २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींच्या खरेदीचा करार करून लष्कर पुन्हा जड काडतुसाकडे वळले. त्यापाठोपाठ अमेठीजवळील कोरवा येथे तयार होणारी एके-२०३ आली. तिचा व्यासही ७.६२ असा सांगितला जात असला, तरी तिचा कोश ३९ मिलिमीटर लांबीचा आहे आणि सिगची काडतुसे तिच्यात चालत नाहीत. परिणामी आघाडीवर इन्सास धरून तीन वेगवेगळ्या काडतुसांचा पुरवठा एकाच वेळी सांभाळावा लागतो.