नदीकाठचा मुक्काम

दिवाळी झाली की पार्ल्यातली तरुण मंडळी कोलाडच्या सहलीचे बेत आखू लागतात. चार मित्र, दोन कयाक, एक तंबू आणि कुंडलिकेचा काठ! बेत उत्तमच. निघण्यापूर्वी दवाखान्यात येऊन ते विचारतात, "डॉक्टर, कोणत्या गोळ्या बरोबर घेऊ?" मी सांगतो, गोळ्यांचे नंतर पाहू, आधी नदी समजून घ्या.

वरून येणारे पाणी

मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिरा येथील वीजकेंद्रात येते. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत जाते. त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. पाणी केव्हा सुटते हे गावकऱ्यांना विचारावे आणि तंबू उंचावर ठोकावा. पात्रातील वाळूवर किंवा खडकांवर झोपू नये. होडीत बसताना पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळावेत. मद्यपान करून पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब द्यावा. हे चौघांपैकी दोघांनी तरी आधीच शिकून घ्यावे.

पोटात जाणारे पाणी

नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. खळखळून एक मिनिट उकळी पुरते. जुलाब लागल्यास ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे. अंगावर जखम असेल तर ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकावी. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, तेही आठवून पाहावे. रात्री काठावर बॅटरी आणि बूट हवेतच. साप चावल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष जवळ कोठे मिळते, याची चौकशी घरून निघतानाच करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

खाली जाणारे पाणी

आपल्यानंतर हेच पाणी पुढच्या गावांत जाते. तेथे कुणी त्यात भांडी घासते, कुणाची गुरे ते पितात. आपण पिताना पाणी उकळतो; खालच्यांनी आपली घाण का सोसावी? म्हणून शौचाला पाण्यापासून किमान दोनशे फूट दूर जावे, वीतभर खड्डा खणावा व तो मातीने बुजवावा. साबण "आयुर्वेदिक" असला तरी नदीत वापरू नये. बादलीने पाणी दूर नेऊन अंघोळ करावी. प्लॅस्टिक, बाटल्या, उरलेले अन्न पिशवीत घालून परत आणावे. उष्टे पडले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

उंदीर म्हटले की लेप्टोस्पायरोसिस आलाच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाने अनेकांचे बळी घेतले. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून तो पाण्यात, चिखलात उतरतो आणि जखमेतून शरीरात शिरतो. डॉक्सिसायक्लिन मनाने घेऊ नये. सहलीनंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि "मी नदीत उतरलो होतो" हे आपणहून सांगावे. या एका वाक्याने निदानाचे दोन दिवस वाचू शकतात.