मधुमेहात वजन कमी करताना आधी गोळ्यांचे पाकीट पाहा

वर्षावासात मुळशीतल्या आमच्या वस्त्यांमधले बरेच ज्येष्ठ उपासक-उपासिका पौर्णिमेला अष्टशील घेतात. दुपारी बारानंतर जेवण नाही. त्यात हल्ली ‘दोनदाच जेवा, वजन उतरेल, शुगर जाईल’ असे व्हिडिओ घरोघरी फिरतात. गेल्या वर्षी एका विहारात संध्याकाळच्या वंदनेला बसलेल्या मावशी एकाएकी घामाघूम झाल्या, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. बायकांना वाटले, अशक्तपणा आहे. साखरेचे पाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. मधुमेहाची गोळी त्यांनी रोजच्यासारखीच घेतली होती. तो व्हिडिओ त्यांना दाखवणारा मुलगा आमच्याच गटातला कार्यकर्ता आहे.

चूक उपवासाची की गोळीची? दोन्ही एकत्र आल्याची. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड यांसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तेच. जेवण तोडले आणि डोस तोच ठेवला, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. नुसते मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका बराच कमी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर कडक उपवास केला किंवा भात-भाकरी पूर्ण बंद केली, तर रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो. म्हणून आहार बदलण्याआधी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जायचे. गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही.

वजन कमी केल्याने फायदा होतो, यात शंका नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात (२०१७) वर्षभरानंतर जवळपास निम्म्या लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात राहिला. पण त्यांना मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ झाला नव्हता, इन्सुलिन घेणारे त्यात नव्हते आणि गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट पुण्याच्याच संशोधनातून कळली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूपच कमी. पण चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राबलेल्या आपल्या समाजाने हे नीट समजून घ्यावे. आपल्याकडे काटकुळ्या माणसालाही मधुमेह होतो. त्याने उपाशी राहून वजन उतरवले तर आधीच कमी असलेले स्नायू आणखी झिजतील. त्यामुळे काट्याबरोबर टेपही घ्या: कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या आत हवी.

मग खायचे काय? मुळशी भाताचा तालुका, इंद्रायणीचा भात सोडा म्हटले तर कोणी ऐकणार नाही. सोडायची गरजही नाही. अर्धे ताट भाजीचे, पाव ताट डाळ, हुलगा, अंडी किंवा मासळीचे, उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. दोन्ही नको. नाचणीची भाकरी चांगली, पण ‘शुगरवाल्यांना चालते’ म्हणून तीन खाल्ल्या तर हिशेब तोच. सुकट-बोंबलाचे मीठ बीपीवाल्यांनी सांभाळावे. चहा तर आम्हा कार्यकर्त्यांचा शत्रूच: चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ. पिरंगुटच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी जेवणाच्या आणि गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून बसवून घ्याव्यात.

अष्टशीलाचा प्रश्न राहतो. विनयातच आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध, काकवी औषध म्हणून दुपारनंतरही घेण्याची मुभा आहे. मग इन्सुलिन घेणाऱ्या आजीने पंचशीलावर थांबून रात्री जेवण घेतले, तर तिला कमी लेखायचे कारण नाही.

यंदा पौर्णिमेच्या आधी आम्ही विहारांमध्ये साखरेचा डबा ठेवणार आहोत. थरथर, घाम, गोंधळ दिसला की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे, बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. १०८ ला फोन करायचा.