फूट दशांशात, माणसं अंदाजात

बेळगावाहून निपाणी अर्ध्या अक्षांशाहून थोडी जास्त उत्तरेला, म्हणजे साधारण 60 किलोमीटर. संकेश्वरवरून जाणारा गाडीरस्ता वळणं घेतो, म्हणून तो लांब पडतो. असे जवळजवळ 10 अक्षांश, कन्याकुमारीपासून थेट बीदरच्या आसपास, कर्नल विल्यम लॅम्बटननं मोजत नेले. आपलं बेळगाव-निपाणी 18 वेळा!

सुरुवात 1802 ची, मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी. 100 फुटांची पोलादी साखळी, तिच्यात अडीच-अडीच फुटांचे 40 गज. उन्हानं पोलाद वाढतं, म्हणून साखळी तिपायांवरच्या लाकडी पेट्यांत ठेवायची, तापमापक बघायचा, आकडा टिपायचा, मग पुढं सरकायचं. असं 400 वेळा. बारा किलोमीटरला 57 दिवस लागले, दिवसाला जेमतेम सात साखळ्या. या पायारेषेची लांबी निघाली 40,006.4418 फूट.

पुढचं काम या रेषेवर त्रिकोण मांडून. कोन मोजायचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. लॅम्बटन सहा आठवडे तंबूत बसून ते ठाकठीक करत राहिला.

1819 मध्ये त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट (हो, शिखराला ज्याचं नाव तोच) कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात कामाला गेला. तापानं छावणीच्या छावणी आडवी झाली. सुमारे 150 माणसं आजारी, त्यातली 15 हैदराबादच्या वाटेवरच गेली. दहात एक.

मला खटकतं ते इथं. फुटाचा दहाहजारावा भाग नोंदवणाऱ्यांना आपले खलाशी, म्हणजे मोजणीवरचे मजूर, मात्र ‘सुमारे’ मोजावे लागले. लॅम्बटनच्या काळात 1,65,342 चौरस मैल मुलूख त्रिकोणांत बसला, म्हणजे बेळगावएवढे 32 जिल्हे. खर्च सुमारे 84 हजार पौंड, चौरस मैलाला अर्धा. स्वस्त म्हणायचं तर म्हणा. नकाशावरची रेघ माणसाला केवढ्याला पडते, हे 1956 पासून सीमाभागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

जानेवारी 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरकडं जाताना लॅम्बटन हिंगणघाटला वारला. काम एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं, एकूण सुमारे 2,400 किलोमीटर. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं कधी गेलात तर हिंगणघाटला लॅम्बटनची कबर बघून या. खलाशांच्या कबरी शोधू नका, त्या सापडायच्या नाहीत.