कोरड्या पानावरची भुरी

धान पिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात रोग आणि पाणी यांची सांगड पक्की बसलेली असते. करपा, कडाकरपा, मावा-तुडतुडा ही सगळी मंडळी ओल्या, ढगाळ, साचलेल्या दिवसांतली. त्यामुळे जानेवारीत लख्ख ऊन पडलेलं असताना, धान निघालेल्या बांधीतल्या वाटाण्याची पानं पांढरी पडू लागली की गोंदिया जिल्ह्यात पहिला प्रश्न हाच येतो : "पाण्याचा थेंब नाही, मंग रोग आला कोठून जी?"

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्या प्रश्नातच आहे. पानं अशी पांढरी पाडणारी बुरशी म्हणजे भुरी, आणि तिला पानावर पाणी नकोच असतं. बहुतेक बुरशींचे बीजाणू रुजायला पानावर ओलावा लागतो. भुरीचा बीजाणू स्वतःपुरतं पाणी अंगातच घेऊन येतो. उलट तो थेंबात बुडाला तर खराब होतो. त्याला हवी असते दमट हवा, थंड रात्र, कोरडं पान आणि दाट सावली. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्या, इटियाडोह धरणाचे कालवे आणि गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव यांच्या आसऱ्याने वसलेल्या या जिल्ह्यात थंडीच्या रात्री दमट हवा आयतीच मिळते, आणि दुपारी पान कोरडं ठेवायला ऊन असतंच.

पण खरी गोम पेरणीच्या तारखेत आहे. इथलं वेळापत्रक धान ठरवतं. उशिरा येणारा वाण लावला की कापणी नोव्हेंबरात जाते, मग बांधी मोकळी होणार, वाफसा येणार आणि त्यानंतर कडधान्य पडणार. पीक फुलावर-शेंगेवर येतं ते नेमकं भुरीच्या ऐन हंगामात. उतेऱ्यावर, म्हणजे कापणीच्या पंधरवडाभर आधी उभ्या धानातच बी फेकून घेतलेली लाखोळी किंवा वाटाणा त्यातल्या त्यात लवकर हाती येतो. उताऱ्याच्या हिशेबात उतेऱ्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. भुरीच्या बाबतीत मात्र जुन्या माणसांची घाई शहाणपणाची होती, असं माझं मत आहे.

भुरी पाहायची तर बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून उपयोग नाही. धुऱ्यावरून पांढरं दिसलं तेव्हा रोग आठवडाभराचा तरी झालेला असतो. आत शिरायचं, वाकायचं, झाडाचा वरचा शेंडा बाजूला सारायचा आणि खालची जुनी पानं चाळायची. सुरुवातीला जोंधळ्याच्या दाण्याएवढा फिकट ठिपका दिसतो, तोही तिरप्या उन्हात धरला तर. अंगठ्याने पुसला की बोटाला पिठासारखी पूड लागते आणि खाली पान हिरवंच असतं. साध्या भिंगातून पाहिलं तर त्या पुडीत पांढऱ्या धाग्यांचं जाळं आणि त्यातून उभे राहिलेले बारीक खांब दिसतात. खांबांच्या टोकाला बीजाणूंचे दाणे असतात. वारा आला की हे दाणे सुटतात आणि उडतात. उडालेला दाणा दुसऱ्या पानावर रुजून तिथे नवी पूड तयार व्हायला पाच-सात दिवस पुरतात. या बुरशीला मेलेलं पान चालत नाही. ती जिवंत पानाच्या अगदी वरच्या थरातल्या पेशींत शोषकं खुपसून बसते. म्हणून पान लगेच मरत नाही, नुसतं निस्तेज होत जातं आणि शेंगा भरत नाहीत.

शेजाऱ्याच्या बाडीतल्या भोपळ्यावर भुरी दिसली की वाटाणेवाला त्याच्यावर चिडतो. तो राग फुकट आहे. भोपळ्याची भुरी वेगळी, वाटाण्याची वेगळी. एकीचं दुसरीकडे जमत नाही.

त्याच भोपळ्याच्या पानावर एक पिवळाधमक ढालकिडा हमखास सापडतो, मुगाच्या दाण्याएवढा, मानेजवळ दोन काळे ठिपके. लोक त्याला लाल भुंगेऱ्याचा भाऊ समजून चिरडतात. त्याचं तोंड कुठे आहे ते नीट पाहा. तो पान कुरतडत नसतो, पानावरची भुरी चरत असतो. त्याची अळीही तेच करते. त्याच्या चरण्याने भुरी आटोक्यात येईल ही आशा करू नये, बुरशी त्याच्यापेक्षा फार वेगाने वाढते. पण त्याच्यासाठी कीटकनाशक मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

औषधांत गंधक अजून हटलेलं नाही. 1845 साली इंग्लंडमध्ये मार्गेटच्या टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलीवर ही पांढरी पूड दिसली आणि त्याने गंधक व चुन्याचा उपाय केला. पुढे युरोपभरच्या द्राक्षबागा गंधकाने तगल्या, आणि नाशिकचा बागायतदार आजही भुरी म्हटलं की आधी गंधकाचंच नाव घेतो. आपल्याकडे कडधान्यावर 300 मेश गंधकाची भुकटी हेक्टरी 20 किलो, म्हणजे एकरी आठ किलो धुरळतात. सकाळी पानावर दव असताना पातळ कापडाच्या पुरचुंडीत भुकटी बांधून काठीने हलके ठोके देत ओळीने चालायचं. दवाने ती चिकटते. फवारायचं असेल तर पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक 10 लीटरला 25 ग्रॅम.

गंधकाचं काम त्याच्या वाफेवर चालतं. कडाक्याच्या थंडीत वाफ होत नाही, ऊन चढलं की होते. पारा 32-35 अंशांच्या वर गेला की तीच वाफ पान जाळते. म्हणजे आपल्याकडे डिसेंबर अखेर ते फेब्रुवारीचा मध्य एवढीच गंधकाची खरी मुदत. काकडी, भोपळा, कारलं ही वेलवर्गीय पिकं गंधकाला नाजूक, तिथे आधी दोन-चार पानांवर मारून पाहावं. तेलयुक्त औषध मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. गंधक डोळ्यांत गेलं की फार झोंबतं. चष्मा आणि तोंडाला फडकं हवंच. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती आठवण विदर्भात तरी कुणी विसरू नये.

रोग पसरल्यावर हेक्झाकोनॅझोलसारखी आंतरप्रवाही औषधं लागतात. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की भुरी त्याला सरावते, आणि हिरव्या शेंगा विकायच्या असतील तर फवारणी आणि तोडणी यांत लेबलवरचं अंतर पाळावंच लागतं. दुधाचा उपाय थट्टेवारी नेण्यासारखा नाही : ब्राझीलच्या वॅग्नर बेटिओल यांनी 1999 साली हरितगृहातल्या झुकिनीवर दाखवून दिलं, की दहा टक्के किंवा त्याहून दाट दुधाचं पाणी आठवड्याला फवारलं तर भुरी रासायनिक औषधाइतकीच आटोक्यात राहते. घरामागच्या बाडीतल्या चार वेलांना हे परवडतं. एकरभर वाटाण्याला कोण दूध पाजणार?

त्यापेक्षा वाणाकडे लक्ष दिलेलं बरं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून 1990 च्या दशकात मुगाचे टार्म-1, टार्म-2, टार्म-18 हे भुरीला दाद न देणारे वाण काढले. वाटाण्यात 'रचना' भुरीला चिवट म्हणून ओळखला जातो. एवढं असूनही पेरणीच्या वेळी घरात उरलेलं बी टाकायचं आणि जानेवारीत दवाईला पैसे मोजायचे, हा क्रम बहुतेक गावांत चालू आहे. बी दाट फेकायची सवयही तशीच. दाट पिकात खालच्या पानांपर्यंत वारा पोचत नाही आणि भुरीला तेच पाहिजे असतं.

कृषी केंद्रात जाताना नुसतं "पांढरं पडलं" असं सांगू नका. रोगट पान कागदात गुंडाळून सोबत न्या. पानाच्या खालच्या अंगाला करडी बुरशी आणि वर पिवळे कोनाकृती डाग असतील तर तो केवडा आहे, भुरी नाही. त्याचं औषध वेगळं आहे, आणि गंधकाचे पैसे त्यावर वाया जातात.